मामांची दुसरी मुलाखत

मामांच्या हाताला सफाई होतीच, पण जिभेला त्याहून जास्त. साधं माप घेतानाही काहीतरी तिखटमीठ लावून सांगितल्याशिवाय गळ्यातली टेप खाली उतरत नसे. त्यामुळे भाचीने जुन्या शिंप्यांच्या आयुष्यावर प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा पहिला मान आपलाच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मुलाखतीत त्यांनी बहार उडवून दिली. उपाशीपोटी काम शिकलो, वडील कातरीने बोटांवर मारायचे, काय नि काय! भाचीचे डोळे भरून आले, तसे मामा आणखीच रंगले.

पण एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याला वेगळं विचारून ताडून पाहायचं, ही भाचीची कामाची रीत. तिने मामीला विचारलं, तर मामीला हसू आवरेना. "मारायचे? अगं, मांडीवर बसवून मशीन शिकवलं सासऱ्यांनी यांना!"

भाची तशीच दुकानात आली. "मामा, हे मला घेता येणार नाही."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. आपण पुस्तकात येणार, असं त्यांनी उभ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"तुला रडू आलं म्हणून वाढवत गेलो गं," ते म्हणाले. "साधं सांगितलं तर कोण वाचणार? पण मला काढून टाकू नकोस."

भाचीला वाईट वाटलं. चूक तिचीही होती. 'फार हाल झाले असतील ना?' असं विचारल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

"आता मी रडणार नाही," ती म्हणाली. "सकाळी काय काय करतोस, तेवढंच सांग."

मामा अडखळतच बोलू लागले. "झाडून घेतो. मशीनला तेल देतो. आणि..." त्यांनी दुकानामागच्या पडद्याकडे एकदा पाहिलं. "दुकान उघडायच्या आधी तुझी मामी दिवसभराच्या सुया ओवून ठेवते. मला दिसत नाही आता. काज-बटणंही तीच करते."

भाची चपापली. यांची नजर अजून तल्लख आहे, मला सुईला हात लावू देत नाहीत, असं मामीने मघाशीच छातीठोकपणे सांगितलं होतं.

पडद्याआडून मामी तरातरा बाहेर आली. "कोणी सांगितलं होतं हे बोलायला? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"ही ताडून बघते गं," मामा हळूच म्हणाले. मग भाचीकडे वळले. "माझं सगळं गाळलंस तरी चालेल. काजं हिची आहेत, एवढं मात्र येऊ दे."

 मामीने मशीनवर पडलेली सुई उचलली आणि तिथेच, भाचीच्या देखत, ओवायला घेतली.