बापूरावांच्या लाळेचा नमुना

आता सांगायचीही लाज वाटते. पण तुम्ही घरचेच. फक्त हातातला चहा आधी संपवा. किस्सा लाळेचा आहे!

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि चष्मा, छत्री, व्याह्यांचं नाव असं एकेक विसरू लागलो होतो. त्यात मी शिकलेला, म्हणजे घाबरायला पुस्तकंही हाताशी! अल्झायमर नावाच्या विस्मृतीच्या रोगाबद्दल वाचलं आणि घास गिळवेना.

माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा तेव्हा एका प्रयोगशाळेत म्हाताऱ्यांची लाळ तपासत होती. त्या रोगाची एखादी खूण लाळेत सापडते का, हे तिला पाहायचं होतं. "अजून नक्की काही नाही, सर," ती म्हणाली. मला तेवढी आशाही पुरे होती. धीर म्हणून शेजारच्या बापूरावांना सोबत नेलं; लाळेचा नमुना तेही देणार होते.

अट एकच: सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही, बापूरावांचा तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा नाही.

"खर्र्याले हात नाही लावला, आईची आन!" म्हणत बापूरावांनी बाटली भरूनही दिली. माझ्या तोंडाला मात्र भीतीनं कोरड.

"काहून नाही येऊन राहिली? चिंच आठव ना गा, मास्तर!"

"आठवली."

"मंग?"

"घाम आला."

सुनंदा म्हणाली, "निवांत बसा, सर. तोवर मी यांची लाळ नळीत घेते." द्रव ओढून मोजायच्या काचेच्या पिपेटला तिनं रबरी फुगा लावला. पण तो दोनदा निसटला. समोर सर बसलेले ना!

फुगा? छत्तीस वर्षं मी पोरांना पिपेट तोंडानं ओढायला शिकवलं होतं! मला राहवतंय होय?

"आण इकडे. वरच्या टोकाला ओठ लावायचे, नजर खुणेवर, आणि हळूच..."

"सर!" सुनंदा किंचाळली.

नजर खुणेवरच होती हो! पण आम्ही ओढायचो ते पाण्यासारखं. लाळ पडली चिकट. आधी हलेना, म्हणून जोर केला, तर सगळीच्या सगळी वर आली. आणि तोंडात कसली चव असावी?

मोरीत थुंकून मी ओरडलो, "बापूराव, खर्रा खाल्लात तुम्ही!"

"चिमूटभरच गा. पर तुले कसं समजलं?"

एवढं मात्र खरं, की शिसारीनं माझ्या तोंडाला पाण्याच्या धारा लागल्या. "सुनंदा, बाटली आण! आली, आली!"

"आता नाही चालणार, सर. त्यात यांचीही आहे." तिनं कागद पुढे ओढला. "नमुना कशानं वाया गेला ते लिहावं लागतं. पिपेटमध्ये लाळ आहे, हे तुम्ही विसरलात का, सर?"

आली का पंचाईत! हो म्हणावं, तर ज्या रोगाला भिऊन आलो तो तिथल्या तिथे कागदावर चढणार. नाही म्हणावं, तर...

मी ताठ बसलो. "छे! विसरतो कसला? लिही, पूर्ण माहीत असताना, जाणूनबुजून ओढली."

बापूरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढा जीव होता काय गा माह्यावर?"