त्या नको म्हणणाऱ्या बाई

त्या रविवारी अक्का दुकानात आली नाही तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. जोतिबावर रविवारी गिऱ्हाईक तुटून पडतं आणि अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याच दुकानात स्टूल टाकून ते माघारी लावायची. दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली... झोपेतच." हातातला गुलालाचा पुडा तसाच राहिला.

अक्का कोल्हापुरात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. आमच्या दुकानातला, देवाला वाहायचा वासाचा दवणा तिने प्रयोगशाळेत नेला, त्याचं तेल काढलं. एकदा मला काचेची बशी दाखवली. जांभळी साय धरल्यासारखे जंतू, मधे तेलात भिजवलेला कागदाचा ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट कडं.

"मेलं व्हय?" मी विचारलं.

"न्हाय रं, जित्तं हायत. एकमेकांचं ऐकू येईना झालंय त्यास्नी, म्हणून रंग धरंनात."

जंतू म्हणे एकमेकांना खुणा धाडतात आणि पुरेसे जमले की मगच एकदम उठतात, रंग धरतात, जखम चिघळवतात. तेल त्या खुणाच अडवतं. सांगताना अक्काचा चेहरा असा फुलला होता की मला अर्धंच कळलं तरी मी मान डोलावली.

माझ्या डोक्यात मात्र दुकान. महिन्याभरात मी दवण्याच्या तेलाच्या बाटल्या मांडल्या, वर पाटी, 'जखमेवर रामबाण'. अक्काने ती टराटरा फाडली. "बाळू, बशीतलं माणसाच्या जखमेवर चालतंय का, अजून मलाच म्हाईत न्हाय! वासाचं तेल म्हणून वीक, औषध म्हणून न्हाय." पण पाटी गेली तरी गवगवा झालाच होता. मग ती दर रविवारी स्वतःच येऊन बसायला लागली. "पावणं, जखमेला लावू नका, दवाखान्यात जावा!" आवाज असा की पार खालच्या पायरीपर्यंत जावा. शेजारच्या दुकानदारांपुढे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दिवसकार्य उरकून दुकान उघडलं, तो रविवारच होता. एक गृहस्थ आले, पायाला फडकं गुंडाळलेलं. शुगर आहे म्हणून अक्काने त्यांना एकदा परत पाठवलं होतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"त्या नको म्हणणाऱ्या बाई न्हाईत व्हय आज? बरं झालं. द्या की एक बाटली."

आणि मी दिली. अक्का गेली हे सांगायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून गप राहिलो... असं मी स्वतःला समजावतो, पण पटत नाही. ते गर्दीत शिरले तेव्हा ओरडलो, "पावणं! ओ पावणं!" ढोल वाजत होते आणि माझा आवाज अक्कासारखा नाही. फार लाज वाटते.

बाटल्या आता काढून टाकल्यात. स्टूल तिथंच आहे. रविवारी गल्ला बायकोकडे देऊन मी त्याच्यावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहतो. ते फडकं अजून दिसलेलं नाही.