मामाजींनी देऊन टाकलेली गाणी

१२ मे. गच्चीवर कुरडया घालत होते. गव्हाचा शिजवलेला चीक गार व्हायच्या आत सोऱ्यातून उतरवायचा होता, आणि नेमके तेव्हाच मामाजी जिना चढून आले. हे माझ्या नवऱ्याचे मामा, वडनेर भोलजीचे. मालकीचा इतका तिटकारा असलेला माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल! त्यांच्या वस्तूला चांगलं म्हणायची सोय नाही. एका पाहुण्याने चपलांची तारीफ केली, तर मामाजींनी त्या त्याच्याच पायात घातल्या आणि स्वतः अनवाणी एसटीत चढले. कंडक्टरने विचारलं, तर म्हणाले, "त्याले जास्त शोभून राह्यल्या होत्या ना बे!"

गाण्यांचंही तेच. मामाजी लग्नाची मंगलाष्टकं रचतात, प्रत्येक घराला वेगळी. लग्न लागलं की गाण्याचा कागद नवरीच्या ओटीत घालतात आणि म्हणतात, "घे माय, हे आता तुह्यं." पुढे ते गाणं दुसरीकडे म्हणणार नाहीत. मोताळ्याच्या एका लग्नात लोकांनी जुन्या अष्टकासाठी गळ घातली, तेव्हा यांनी मांडवातून त्याच्या मालकिणीला, म्हणजे नांदुऱ्याच्या एका सासुरवाशिणीला, फोन लावला. ती भाकरी थापत होती. तिचा 'हाव', म्हणजे होकार, येईपर्यंत भटजींसकट सगळा मांडव ताटकळला.

तर त्या दिवशी मामाजींच्या हातात करारनामा होता. लग्नगीतांची रेकॉर्डिंग विकणारा खामगावचा एक जण त्यांची यापुढची सगळी गाणी मागत होता.

"सुनबाई, साऱ्या जगासाठी मांगून राह्यला! अजून सुचलं नाई, त्याले बी गिऱ्हाईक!" मामाजींचे पाय जमिनीवर नव्हते.

मी वकिलांकडे दस्त टाइप करते, त्यामुळे असले कागद मला नवे नाहीत. माझे हात चिकाने भरलेले, म्हणून त्यांनीच कागद माझ्या डोळ्यांपुढे धरला. मी वाचून म्हटलं, "मामाजी, पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे ना? तिचं अष्टकही यात गेलं. तिच्या ओटीत घालायला ते तुमचं उरणारच नाही. मांडवात म्हणायचं तरी याला विचारावं लागेल."

"माह्या नातीच्या लग्नात मी त्या पोट्ट्याले इचारू? काऊन?"

"सही केली का?"

"नाई. पन जबान देल्ली."

"नुसत्या शब्दाने मालकी जात नाही. कोणतं गाणं, कोणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या भागात, हे लिहिलेलं हवं आणि खाली तुमची सही."

मला वाटलं, मामाजी सुटले. पण मामाजींचा चेहरा उतरला.

"मंग मी पोरींच्या ओटीत घातलं, ते त्यायचं झालंच नाई? सारं माह्याच गळ्यात?"

आयुष्यभर वाटत सुटलेला हा माणूस कायद्याने गाण्यांचा जमीनदार निघाला! त्यांना अशी घाई सुटली की मला सोऱ्याही फिरवू देईनात. "सारं लिहून टाक. नातीपासून सुरू कर. माह्याजोळ कायी ठेवू नको."

"एक राहतंच," मी म्हटलं. "मालकी कोणालाही दिली, तरी गाणं तुम्ही रचलं हे सांगायचा हक्क तुमचाच."

"ते बी दे ना पोरीले."

"ते देता येत नाही, मामाजी."

 ते माझ्या हातातला सोऱ्या घेऊन कुरडया घालायला लागले. एकही धड गोल आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींना विचारून मी खामगावला फोन लावला. नातीचं लग्न झाल्यावर दोन गाणी देऊ, ती नावानिशी आणि ठरावीक मुदतीसाठी, असं कळवलं. जबानही राहिली. मग नातीच्या नावाचा दस्त टाइप करायला बसले आणि रचनाकाराच्या जागी हात थांबला. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना मामाजी एवढंच म्हणत आले होते.

"पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं.

त्यांनी टोपी नीट केली आणि वडिलांच्या नावासकट, सावकाश, पूर्ण नाव सांगितलं. मग मी न विचारताच पुन्हा एकदा सांगितलं.