पलंगाखालची बॅग

आई कायमची माझ्याकडे राहायला आली, त्याच दिवशी मी कपाटातले दोन खण तिच्यासाठी रिकामे केले. ते अजून रिकामेच आहेत. आईच्या साड्या पलंगाखालच्या बॅगेत असतात. रोज सकाळी ती कंबर धरून वाकते, एक साडी काढते आणि कालची धुतलेली घडी घालून परत आत ठेवते. म्हणते, "लेकीच्या घरी किती पसरायचं गं?"

माझं डोकं फिरतं. औषधं मी आणायची, डॉक्टरकडे मी न्यायचं, आणि हिचं घर कुठलं, तर रविवारी फोनवर पथ्यं सांगणाऱ्या दादाचं.

आज ती अंघोळीला गेल्यावर मी बॅग ओढली. सगळं कपाटात लावूनच टाकणार होते. चेन उघडली आणि हात थांबला. मला साड्या लावायच्या नव्हत्याच. हे घर तिचं आहे, हे तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

लग्नानंतर माहेरी गेले की माझीही बॅग अशीच भरलेली, दाराशी असायची. आई ती कधी रिकामी करायला लावायची नाही. ओल लागू नये म्हणून फक्त पाटावर उचलून ठेवायची.

आम्हा दोघींना हे परकेपण ज्यांनी शिकवलं, त्यांच्यावरचा माझा राग जाणार नाही. जाऊही नये. पण तो आईच्या साड्यांवर कशाला?

मी चेन लावली आणि बॅग स्टुलावर ठेवली.

"वर काढलीस? घालवतेस वाटतं मला," आई केस पुसत म्हणाली.

"वाकायला नको तुला," मी म्हटलं.