तीन तळमजल्यांची मालकीण

पहिल्या मजल्यापर्यंत कुलूपकाकूंचा राग पायऱ्यांवर असे, दुसऱ्यापासून तो नवऱ्यावर येई. चौथ्या मजल्यावर भाड्याचं घर, लिफ्ट नाही, आणि डॉक्टरांनी तर बजावूनच सांगितलं होतं, जिने बंद करा, नाहीतर गुडघे बंद पडतील. याच शहरात या नवराबायकोची तीन घरं होती. तिन्ही तळमजल्यावर, आणि तिन्हींत दुसरीच माणसं आरामात राहत होती.

ऐकणारा कपाळावर हात मारतो. पण काकांशी वाद घालून बघा! नातेवाईक त्यांना कुलूपकाका म्हणतात ते उगाच नाही. ते इमारतींची कंत्राटं घेत. तरुणपणी त्यांच्या एका कंत्राटदार मित्राच्या कामावर परांची कोसळली, एक गवंडी कायमचा जायबंदी झाला, आणि भरपाईच्या दाव्यात मित्राचं राहतं घर गेलं. त्या मित्राची बायको गाद्यांच्या वळकट्यांशेजारी फुटपाथवर बसलेली काकांनी पाहिली आणि जी धास्ती घेतली ती घेतलीच. पुढे स्वतःच्या नावावर त्यांनी काही म्हणजे काही ठेवलं नाही. घर घेतलं की त्याच्यासाठी वेगळी कंपनी काढायची, म्हणजे एका घरात कुणी घसरून पडून कोर्टात गेला, तरी उरलेल्या दोन घरांना धक्का नाही. आणि तिन्ही कंपन्यांचे सगळे शेअर काकूंचे, संचालकही काकूच.

म्हणजे मालकीण! काय मालकीण? काका कागदावर पेन्सिलीने फुली मारत आणि काकू फुलीवर सही करत. ओल्या हाताने केली, तापात उठून केली, एकदा तर दवाखान्यात भूल द्यायच्या आधी केली. वाचू लागल्या की काका म्हणत, ‘‘त्यात काय वाचायचंय? नेहमीचंच आहे.’’ बावीस वर्षं हे असं चाललं.

त्यातलं एक घर मागच्या महिन्यात रिकामं झालं.

‘‘अहो, आपणच जाऊ या ना तिथे,’’ काकू म्हणाल्या.

‘‘अगं, वेड लागलंय का? घर कंपनीचं आहे. आपणच फुकट राहायला लागलो की आपलं आणि कंपनीचं एक झालं! उद्या कुणी दावा ठोकला तर कोर्ट म्हणेल, ही कंपनी नुसती नावाला. शिवाय दुरुस्तीचा खर्च करातून वजा होतो, त्यावरही पाणी सोडायचं?’’

‘‘आणि माझे गुडघे?’’

‘‘गुडघ्यांचा विमा काढलाय की.’’

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कठड्याला धरून जिना उतरल्या आणि थेट वकीलबाईंकडे गेल्या. कंपन्या याच बाईंनी काढून दिल्या होत्या.

‘‘फुकट राहू नका, एवढंच,’’ वकीलबाई म्हणाल्या. ‘‘लेखी करार करा, बाजारभावाने भाडं ठरवा आणि ते दर महिन्याला बँकेतून भरा. कंपनीला त्यावर कर भरावा लागेल, पण घर सुरक्षित राहील.’’

‘‘हे यांना माहीत नाही?’’

वकीलबाई जरा अडखळल्या. ‘‘तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय मी. ते म्हणाले, चौथा मजला स्वस्तात पडतो.’’

तीन वर्षं! काकूंना त्या तीन वर्षांतला एकेक जिना आठवला. भाजीच्या पिशव्या घेऊन चढलेला, रात्रीच्या कळा देऊन गेलेला. इतका राग आला की रडूच आलं.

‘‘हा करार करायचा की नाही, हे कुणी ठरवायचं?’’ डोळे पुसत त्यांनी विचारलं.

‘‘संचालकांनी.’’

‘‘म्हणजे मी.’’

‘‘तुम्ही एकट्याच.’’

मग काकूंनी करार मागवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अडलेला प्रत्येक शब्द विचारला. वकीलबाईंचा चहा गार झाला, बाहेरचा अशील दोनदा डोकावून गेला, पण काकू हलल्या नाहीत. राहणाऱ्यांच्या रकान्याशी वकीलबाईंनी पेन उचललं. ‘‘दोन लिहू ना?’’

‘‘एक,’’ काकू म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी करार उभ्या उभ्या वाचला. भाडं बरोबर होतं, मुदत बरोबर होती, चूक काढायला जागाच नव्हती. पुन्हा वाचला, आणि हळूच खुर्चीत बसले.

‘‘यात माझं नाव कुठाय?’’

‘‘तुमचं नाव कुठे नसलेलंच बरं, असं तुम्हीच म्हणता ना?’’

‘‘अगं, तुझ्यावर फुटपाथवर बसायची वेळ येऊ नये म्हणून तर एवढं सगळं जपलं मी.’’

‘‘मग राहू द्या की मला त्यात.’’

काकूंनी पाय स्टुलावर ठेवले आणि गुडघा चोळायला घेतला. ‘‘सामान सोमवारी हलवतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला यायचं असेल तर अर्ज करा. संचालक एकच आहे, निर्णय लवकर होईल.’’