हात वर करण्याआधी

धाकटीला आठवतं तेव्हापासून आई सकाळचा चहा उभ्यानेच प्यायची. दहा वर्षं ती आमदार होती. बाहेरच्या खोलीत माणसं ताटकळलेली असताना बसून चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. तिसऱ्या निवडणुकीत ती पडली, खोली ओस पडली, तरी आई काही बसली नाही.

मग जुन्या पदवीवरची धूळ झटकून ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागली. पहिल्याच तासाला सवयीने तोंडातून निघून गेलं, "अध्यक्ष महाराज..." वर्ग खो खो हसला. त्याच वर्गात शिकणारी धाकटी मागच्या बाकावर होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आईला मात्र ते नाव कायमचं चिकटलं. मामा म्हणाला, "ताई, तिकडे निदान माईक तरी होता."

धाकटीला खरी धास्ती वेगळीच होती. आईच्याच काळात कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा कायदा झाला होता. कुणी तो विषय काढला तर?

काढलाच. कायदा कसा होतो हे फळ्यावर मांडून झालं, तेव्हा एक मुलगी उठली. तिची शाळा त्यात गेली होती. भाऊ पुढे शिकलाच नाही. तिने शांतपणे विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्ही हात वर केला होता?"

सभागृहात असले प्रश्न आईने हसत टोलवले होते. तिने खडू खाली ठेवला.

"केला होता. पक्षाने सांगितलं म्हणून. मसुदा वाचला नव्हता."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आई तोच मसुदा घेऊन आली. एकेक कलम वाचून मुलांनी तिलाच जाब विचारायचा, असं ठरलं. तीन आठवडे वर्गाने तिला धारेवर धरलं. ती मुलगी सगळ्यांच्या पुढे. धाकटी पहिल्या बाकावर कधी येऊन बसली, तिचं तिलाच कळलं नाही. अध्यक्ष महाराज तुझ्या कोण, असं कुणी विचारलं की आता ती ताठ मानेने सांगायची, आई.

पुढे चौदा वर्षं आईने दर जूनमध्ये पहिला धडा तोच घेतला: स्वतःची चूक, कलमवार.

ज्या ऑपरेशनमधून ती परत आली नाही, त्याच्या सकाळी नर्सने संमतीपत्र पुढे केलं. धाकटीने घाईघाईने पेन उघडलं. आई खाटेवरून म्हणाली, "अगं थांब, मागची बाजू वाच आधी."