खालच्या गटाचे अनंतराव

अनंतराव माने यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका चिखलाने भरलेल्या मैदानावर झाली. मी एम.एस.साठी कोल्हापूरहून आलो होतो आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघात नुकताच बचावफळीत खेळू लागलो होतो. चेंडू पायात घोटाळत असताना रेषेबाहेरून आरोळी आली, "आरं, मार की लांब!" मी इतका दचकलो की चेंडू मैदानाबाहेरच गेला. सामना संपल्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारले, "कुठल्या पेठेतला रे तू?"

अनंतराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. शनिवार मात्र मैदानाचा. विद्यापीठांच्या खालच्या गटातील सामन्यांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे चार मित्र आणि एखादे कुत्रे. त्या गटातील सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी पुरस्कार देण्याची प्रथा अनंतरावांनीच सुरू केली. "वरच्या गटाला टाळ्या मिळतातच. ह्या पोरांकडं कोण बघतंय?" एवढेच त्यांचे म्हणणे.

एका वर्षी प्रशिक्षकांची मते समसमान पडली. निम्मी मला, निम्मी दुसऱ्या संघातील स्ट्रायकर रोहनला. रोहन हा अनंतरावांचाच मुलगा. निर्णायक मत निवड समितीच्या अध्यक्षांचे, म्हणजे अनंतरावांचे होते. त्यांनी ते ज्येष्ठ प्रशिक्षकांकडे सोपवले आणि स्वतः खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. निवड माझी झाली.

समारंभाला रोहन आला नाही. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

"काका, तुम्ही मत दिलं असतं तर?"

"खरं सांगू? रोहनला दिलं असतं. यंदा तो तुझ्यापेक्षा सरस खेळला."

रोहन दारातच उभा होता. त्याला मराठी कळे, पण तो बोले जर्मनमध्येच. "आल्झो," म्हणजे 'अस्सं तर', तो म्हणाला, आणि मग त्याने वडिलांना विचारले, हे मला का नाही सांगितलंत?

अनंतराव त्याच्याकडे वळले. "बाहेर गेलो ते बरोबरच केलं," ते म्हणाले. "पण घरी येऊन तुला हे सांगायला हवं होतं. ते चुकलं माझं."

काकूंनी आम्हा तिघांना जेवायला बसवले. बापलेक त्या हंगामातला रोहनचा एकेक गोल आठवत राहिले आणि मी मुकाट्याने ऐकत राहिलो. आपल्याविषयी इतके खरे बोलणारा माणूस परमुलखात भेटला, याचे मला त्या दिवशी पुरस्कारापेक्षा अधिक अप्रूप वाटले.

आज रोहन निवड समितीत आहे. वडिलांचा मत दुसऱ्यांवर सोपवण्याचा तो निर्णय त्याला अजूनही पटलेला नाही.

अनंतरावांनी साठी पूर्ण केली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, गुडघे कुरकुरू नयेत, आणि ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही अशा पोरांना रेषेबाहेरून त्यांचा आवाज पुष्कळ वर्षे ऐकू येवो.